मान आणि उन्मान : लिटर व किलो यांमधले अंतर

श्रीगोंद्याच्या पेठेत आमचे किराण्याचे दुकान तीन पिढ्यांचे आहे. या दुकानात घडलेली एक गोष्ट आमच्या घरात वारंवार सांगितली जाते. ती सांगताना वडिलांचा आवाज आजही थोडा खाली येतो.

1972 च्या दुष्काळानंतरचे वर्ष होते. तेल महाग झाले होते आणि घरोघरी ते पळीने मोजून वापरले जात होते. दादाजी खरेदीसाठी नगरला गेले होते. गल्ल्यावर माझे वडील होते, वय वर्षे एकोणीस. बाजारचा दिवस असल्यामुळे दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. जवळच्या खेड्यातील एक मावशी मुलीच्या लग्नासाठी पाच किलो गोडेतेल घ्यायला आल्या. काट्यावर गुळाच्या ढेपी चढत-उतरत होत्या. वडिलांनी वेळ वाचवण्यासाठी लिटरचे माप घेतले, नरसाळे लावले आणि पाच मापे काठोकाठ भरून मावशींच्या डब्यात ओतली. पैसे पाच किलोचे घेतले. लिटर काय आणि किलो काय, एकच की, असा त्यांचा समज होता.

पुढच्या बाजारी मावशी तोच डबा घेऊन दुकानात उभ्या राहिल्या. बूच तसेच होते. भरल्या दुकानात त्या म्हणाल्या, “शेठ, पाच किलोचं पैसं मोजून दिलं म्या. गावात काट्यावर घातलं तर साडेचार किलोच भरलं. गरिबाला असं बुडवावं का?”

दादाजींनी त्यांना बसायला सांगितले, पाणी दिले. तेवढ्याच आकाराच्या रिकाम्या डब्याचा धडा केला आणि तेल वजन केले. काटा साडेचार किलोच्या किंचित पुढे थांबला. वडील म्हणाले, “दादाजी, मी पाच मापे पूर्ण भरून घातली. थेंब कमी नाही.”

मावशी खरे बोलत होत्या आणि वडीलही खरेच बोलत होते. तरीही डब्यात साडेचारशे ग्रॅम तेल कमी होते.

चूक नेमकी कोठे होती?

एक लिटर पाण्याचे वजन एक किलो भरते. ही समजूत बरोबर आहे, कारण मापांची घडणच तशी झाली आहे. 1795 साली फ्रान्समध्ये दशमान पद्धती ठरली, तेव्हा एक घन सेंटिमीटर पाण्याच्या वजनाला ग्रॅम म्हटले गेले. पुढे 1901 पासून 1964 पर्यंत तर लिटरची व्याख्याच ‘चार अंश तापमानाच्या एक किलो पाण्याने व्यापलेली जागा’ अशी होती. म्हणजे लिटर आणि किलो ही जुळी भावंडे खरी. पण त्यांचे नाते पाण्यापुरतेच आहे. तेल पाण्यावर तरंगते हे आपण रोज पाहतो. ते तरंगते याचाच अर्थ तेवढ्याच जागेत ते पाण्याहून हलके आहे. शेंगदाण्याच्या एक लिटर तेलाचे वजन सुमारे 910 ग्रॅम भरते. पाच लिटरचे झाले 4 किलो 550 ग्रॅम. मावशींचा काटा तेच सांगत होता.

ही चूक त्या दिवसापर्यंत कोणाच्या लक्षात का आली नाही, याचेही एक कारण आहे. आपल्याकडे 1956 च्या कायद्याने दशमान पद्धती स्वीकारली गेली आणि 1 ऑक्टोबर 1958 पासून किलोची वजने बाजारात येऊ लागली. तोपर्यंत व्यवहार शेराचा होता. ऐंशी तोळ्यांचा शेर आजच्या हिशेबाने सुमारे 933 ग्रॅमचा. एक लिटर तेलाचे वजन या जुन्या शेराच्या अगदी जवळ जाते. शेराची सवय असलेल्या हाताला डबा उचलताना काही उणे वाटतच नसे. त्यात शेर हे वजनही होते आणि मापही होते. धान्याचा शेर मापाने भरत, गुळाचा शेर काट्यावर तोलत. नाव एक आणि वस्तू दोन, अशी ती गुंतागुंत होती. नावे बदलली, पण गुंता मनात तसाच राहिला.

शास्त्रकारांनी केलेला भेद

दादाजींनी मावशींना उरलेले साडेचारशे ग्रॅम तेल तोलून दिले, वर हात जोडले. मावशी गेल्यावर त्यांनी वडिलांना विचारले, “लिटरच्या मापाने किलोचे तेल कधीपासून देतोस?” उत्तर आले, “दोन महिने झाले असतील. गर्दी असली म्हणजेच.”

त्या रात्री रोजमेळ आणि खतावणी दोन्ही उघडल्या गेल्या. ज्यांच्या नावे उधारी होती त्यांची तेलाची खरेदी शोधून काढली आणि प्रत्येकाच्या खात्यावर फरकाची रक्कम जमा धरली. रोखीच्या गिऱ्हाइकांची नावे नव्हती. त्यांच्या वाट्याचा अंदाज दादाजींनी सढळ हाताने, म्हणजे स्वतःच्या विरुद्ध धरला आणि ती रक्कम जीवदयेच्या पेटीत घातली. शंभर रुपयांच्या तेलामागे नऊ रुपयांचा तो फरक होता. त्या काळच्या किराण्याच्या धंद्यात शंभरामागे नऊ रुपये निव्वळ नफाही सुटत नसे. वडील सांगतात, “ते रागावले असते तर बरे झाले असते. त्यांनी फक्त मला शेजारी बसवून बेरजा करायला लावल्या.”

आपल्या वाचकांना श्रावकाच्या अचौर्य अणुव्रताचे अतिचार ठाऊक आहेत. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात त्यांतील एकाचे नाव ‘हीनाधिकमानोन्मान’ असे आले आहे. हा शब्द आपण अनेकदा उच्चारतो. पण त्यात दोन निरनिराळे शब्द आहेत याकडे लक्ष जात नाही. टीकाकारांनी ते स्पष्ट केले आहे. प्रस्थ वगैरे भरून मोजायचे ते ‘मान’ आणि तराजूने तोलायचे ते ‘उन्मान’. आजच्या भाषेत मान म्हणजे लिटर आणि उन्मान म्हणजे किलो. देताना उणे आणि घेताना अधिक, हा दोष दोन्हींत वेगवेगळा होऊ शकतो, हे शास्त्रकारांना ठाऊक होते.

अनुयोगद्वार सूत्रात तर याहून बारीक विचार आहे. तेथे ‘मान’ या प्रकाराचेच पुन्हा दोन भाग केले आहेत : धान्यमान आणि रसमान. रसमान म्हणजे द्रव पदार्थांचे माप. ते धान्याच्या मापापेक्षा चतुर्थांशाने मोठे सांगितले आहे आणि त्याची शिखा आतल्या बाजूस असते असे म्हटले आहे. कारण सरळ आहे. धान्याचे माप भरले की वर शीग येते. तेल, तूप, दूध यांना शीग लावता येत नाही, ते काठावरून सांडते. म्हणून वरची शीग जणू मापाच्या पोटात घेतली आणि भांडेच मोठे केले. चतुःषष्टिकेपासून माणीपर्यंत ही रसमापे दुपटीने वाढत जातात. आपल्याकडची निळवे, कोळवे, चिपटे, मापटे आणि शेर ही मापेही अशीच दुपटीने वाढत. द्रव आणि घन यांना एकच माप लावू नये, ही जाण व्यापारी समाजाला किती जुनी आहे, हे यावरून ध्यानात येईल.

घरात ठेवण्याजोगा हिशेब

आता व्यवहाराकडे वळू. लिटरचे किलो करण्यासाठी एकच आकडा लागतो, त्या पदार्थाची घनता. मिलिलिटरला घनतेने गुणले की ग्रॅम मिळतात. ग्रॅमला घनतेने भागले की मिलिलिटर. नेहमीच्या पदार्थांचे एका लिटरचे अंदाजे वजन असे :

पाणी : 1000 ग्रॅम
दूध : 1030 ग्रॅम
घुसळलेले दही : 1030 ग्रॅमच्या आसपास
लिंबाचा रस : सुमारे 1030 ग्रॅम
शेंगदाणा, सोयाबीन, करडई, सूर्यफूल यांचे तेल : 910 ते 920 ग्रॅम
पातळ केलेले तूप : 900 ते 910 ग्रॅम
उसाचा ताजा रस : 1070 ते 1080 ग्रॅम
समभाग साखर-पाण्याचा पाक : सुमारे 1230 ग्रॅम
काकवी : 1350 ते 1400 ग्रॅम

या यादीत आपल्या तालुक्याचे जवळजवळ सारे धन आले आहे. श्रीगोंद्याचे लिंबू, कारखान्यांचा ऊस, गावोगावचे दूध. त्यातले काही पाण्याहून जड, तर आपल्या दुकानातले तेल-तूप हलके. जड कशामुळे होते? पाण्यात साखर विरघळली की. एक लिटर पाण्यात एक किलो साखर विरघळवून पाहा. वजन बरोबर दोन किलो भरेल, पण पाक दोन लिटर होणार नाही. सुमारे 1 लिटर 630 मिलिलिटरच होईल. साखरेचे कण पाण्यात सामावून जातात. पुढे पाक आटत एकतारीकडे गेला की एका लिटरचे वजन 1300 ग्रॅमच्या वर जाते. म्हणून पाकाच्या पदार्थांत ‘एक वाटी पाक’ हे माप फसवे असते. साखर आणि पाणी आधी तोलून घ्यावे, हे बरे.

मध आपल्या घरांत वर्ज्य आहे. नव्या पाककृतींत मात्र तो अनेकदा सांगितलेला असतो. त्याऐवजी काकवी घ्यायची असेल तर तेवढ्याच वजनाची घ्यावी. दोघांची घनता जवळपास सारखी असल्याने मोठा फरक पडत नाही. परंतु मधाच्या जागी साखरेचा पातळ पाक वाटीस वाटी घातला, तर गोडी कमी पडते आणि पीठ सैल होते.

सुना-मुली आता अंड्याविना केक घरी करतात. त्यांच्या पाककृती कपात असतात. कप 240 मिलिलिटरचा धरला, तर कपभर दूध 247 ग्रॅम, कपभर तेल मात्र 220 ग्रॅमच्या आसपास. 15 मिलिलिटरच्या मोठ्या चमच्यात तेल सुमारे 14 ग्रॅम मावते. घरातल्या वाट्या तर सारख्या नसतातच. आजीच्या वहीत ‘शेरभर मैद्याला पावशेर तूप’ असे लिहिलेले असते, तेव्हा प्रमाण वजनाचे समजावे : चार भाग मैदा, एक भाग तूप. तूप थिजलेले आहे की पातळ, रवाळ आहे की घट्ट, यावर वाटीतले तूप बदलते. काट्यावरचे बदलत नाही.

ऊन, थंडी आणि तेल

द्रवाच्या मापात आणखी एक घोटाळा आहे. तेल तापले की फुगते. सोयाबीनचे एक लिटर तेल 21 अंश तापमानाला सुमारे 919 ग्रॅम भरते. 60 अंशांना तेच माप 892.6 ग्रॅमच भरते. एका लिटरमागे साडेसव्वीस ग्रॅमचा हा फरक. पूर्वी काही पुड्यांवर लिटरच्या आकड्यापुढे बारीक अक्षरांत 60 अंशांपर्यंतचे तापमान छापलेले असे. तेल मात्र कोणाच्याही घरी 60 अंशांवर ठेवलेले नसते. केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने ऑगस्ट 2022 मध्ये सांगितले, की तापमानाचा उल्लेख न करता लिटर छापावे आणि सोबत वजनही छापावे; वेष्टने सुधारण्यासाठी 15 जानेवारी 2023 पर्यंत मुदत दिली. म्हणूनच आज तेलाच्या पुडीवर लिटर आणि ग्रॅम असे दोन आकडे दिसतात. त्यांतला ग्रॅमचा आकडा वाचण्याची सवय लावून घ्यावी.

आपल्याकडे पौषातली पहाट आणि मे महिन्यातली दुपार यांच्या तापमानात सहज अठ्ठावीस अंशांचा फरक असतो. त्या हिशेबाने पंधरा लिटर तेलाच्या वजनात पावशेराहून अधिक फरक पडतो. माप तेच, भांडे तेच, कोणाची लबाडी नाही. तरी उन्हाळ्यात गिऱ्हाइकाला कमी आणि थंडीत अधिक जाते. तोलून दिले तर हा प्रश्नच उरत नाही.

डबा घेताना

मोठ्या स्वयंपाकात ही चूक महागात पडते. गौतम प्रसादीच्या यादीत आचारी ‘तेल 30 किलो’ असे लिहितो आणि कार्यकर्ते पंधराचे दोन डबे आणतात. डबा पंधरा किलोचा की पंधरा लिटरचा, हे कोणी पाहत नाही. पंधरा लिटरच्या डब्यात साधारण 13 किलो 650 ग्रॅम तेल असते. दोन डब्यांत पावणेतीन किलोच्या आसपास तूट येते आणि ती समजते ती शेवटच्या घाण्याला, पंगत बसलेली असताना. तीस किलोसाठी तेहेतीस लिटर लागते, एवढे लक्षात ठेवले तरी पुरे.

भावाचेही तसेच. समजा, पंधरा लिटरचा डबा 1950 रुपयांना आहे आणि पंधरा किलोचा 2100 रुपयांना. पहिला दीडशे रुपयांनी स्वस्त दिसतो. किलोवर आणून पाहिले, तर पहिला सुमारे 143 रुपये किलो पडतो आणि दुसरा 140 रुपये. स्वस्त दिसणारा डबाच महाग निघाला. आपण व्यापारी हा हिशेब स्वतःच्या खरेदीत चुकत नाही. तोच हिशेब समोरच्या गिऱ्हाइकाला समजावून सांगणे, हा आपल्या सचोटीचा भाग मानला पाहिजे.

दुधात याच्या उलट घडते. दूध पाण्याहून जड असल्यामुळे शंभर किलो दूध म्हणजे सुमारे सत्त्याण्णव लिटर. वजनाने घेतलेले दूध लिटरमध्ये लिहायचे असेल, तर 1.03 ने भागावे लागते. लॅक्टोमीटरवर 28 आकडा दिसतो, त्याचा अर्थ घनता 1.028 आहे असाच होतो. पाणी घातले की हा आकडा उतरतो. साय काढली की चढतो, कारण स्निग्धांश पाण्याहून हलका असतो. साय काढून पाणी घातले तर आकडा जागच्या जागी दिसू शकतो. म्हणून नुसत्या लॅक्टोमीटरवर विसंबून चालत नाही, फॅटही पाहावे लागते. आकडा बरोबर असला तरी व्यवहार बरोबर असतोच असे नाही, हे दूध शिकवते.

धडा

वैध मापनशास्त्राचा 2009 चा कायदा आहे, वजनमापांवर ठरलेल्या मुदतीत शिक्का मारून घ्यावा लागतो, तेल आता बंद पुड्यांतून विकले जाते. दादाजींच्या काळापेक्षा चुकीला जागा कमी उरली आहे. तरी कायदा माप तपासतो. लिटरचे माप लावून किलोचे पैसे घेणारा हात तपासत नाही. वडिलांचे माप त्या दिवशी शिक्क्याचे होते, अचूक होते. चुकीचा होता तो समज.

घरी हे सारे पडताळून पाहणे अवघड नाही. स्वयंपाकघरातील लहान इलेक्ट्रॉनिक काट्यावर रिकामे भांडे ठेवावे आणि आकडा शून्यावर आणावा. हाच आपला जुना धडा. मग त्यात मापाने अर्धा लिटर तेल ओतावे आणि आकडा पाहावा. नंतर तेच दुधाने करावे. मुलांना शेजारी बसवावे. एका संध्याकाळचे काम आहे. पण लिटर आणि किलो एक नव्हेत, हे त्यांना पुन्हा सांगावे लागणार नाही.

आमच्या दुकानात त्या वर्षापासून एक नियम आहे. गिऱ्हाइकाने किलो मागितला तर काटा, लिटर मागितला तर माप, आणि दोन्हींतला फरक विचारला तर हातातले काम थांबवून सांगायचा. त्या मावशींचे घर आजही आमचे गिऱ्हाईक आहे. त्यांचा नातू तेलाचा डबा घेतो, त्यावरचा ग्रॅमचा आकडा वाचतो आणि मगच पैसे देतो. वडील आता गल्ल्यावर फारसे बसत नाहीत. पण तो आला आणि ते दुकानात असले, तर डबा ते स्वतः उचलून त्याच्या हातात देतात.